सतरा नंबरचा फॉर्म

आमच्या शाळेच्या गेटवर एक फ्लेक्स आहे. ‘सलग सातव्या वर्षी दहावीचा निकाल १०० टक्के’. खाली मुख्याध्यापक खैरनार सरांचा हात जोडलेला फोटो. इंदिरानगरातले पालक तो फ्लेक्स बघून ॲडमिशनला रांग लावतात, आणि मी रोज सकाळी स्कूटर आत घालताना त्याच्याकडे बघून मनातल्या मनात एक शिवी देते. रोज. रविवार सोडून.

मी आबिदा पठाण. नववी-दहावीला विज्ञान शिकवते, तेवीस वर्षं झाली. चिडकी आहे, कबूल. मुलं पाठीमागे मला ॲसिड मॅडम म्हणतात तेही ठाऊक आहे. निदान नाव तरी विषयाला धरून ठेवलंय मेल्यांनी.

तर ते शंभर टक्के कसे होतात ते सांगते. दहावीची पहिली घटक चाचणी जुलैअखेर होते. तिच्यात जे गळपटतात त्यांची यादी निघते. मग एकेकाच्या आईबापाला ऑफिसात बोलावतात, चहा देतात, आणि गोड आवाजात सांगतात, ‘तुमचं लेकरू कच्चं आहे हो. इथे राहिलं तर नापासाचा शिक्का बसेल. त्यापेक्षा दाखला घेऊन जा, बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून आरामात अभ्यास करू दे.’ आईबाप सही करतात. लेकरू शाळेतून जातं. मार्चमध्ये ते परीक्षेला बसलं काय, न बसलं काय, आमच्या निकालात ते धरलंच जात नाही. अर्धी तर बसतच नाहीत. कुणी गॅरेजला लागतं, कुणाचं लग्न उरकतात. आणि जूनमध्ये आम्ही पेढे वाटतो. मी एकदा स्टाफ मीटिंगमध्ये म्हटलं होतं, ‘सर, आजारी माणूस दारातूनच परत पाठवला तर कुठलाही डॉक्टर शंभर टक्के बरे करून दाखवेल.’ खैरनार सर हसले आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमचा स्वभाव ना!’ झालं. विषय संपला. माझ्या रागाची या शाळेत गंमत करून टाकलीय सगळ्यांनी.

आता आवर्त सारणीकडे येते, कारण भांडण तिच्यावरूनच झालं.

दहावीला दुसरा धडा मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा. क्लासवाले तो गाण्यांत बसवून पाठ करून घेतात. मुलं माझ्या तासाला येतात तीच मुळी ती गाणी गुणगुणत. मी विचारते, ‘सोडियमच्या खाली पोटॅशियमच का? दुसरं काही का नाही?’ की उत्तर ठरलेलं. गाण्यात तसंच आहे म्हणून! डोकं फिरतं माझं. एवढी मोठी शिस्त माणसाने शोधून काढली, आणि तुम्ही तिच्या भेंड्या खेळता?

मी वेगळं करते. घरात येतील तेवढ्या लग्नपत्रिका मी वर्षभर साठवते. त्यांचा पुठ्ठा जाड असतो. त्याचे चौकोन कापायचे, कोऱ्या बाजूला प्रत्येकावर एका मूलद्रव्याचा स्वभाव लिहायचा. वजन किती, संयुजा किती, म्हणजे दुसऱ्याशी जोडायला हात किती, पाण्यात टाकलं तर काय होतं. नाव लिहायचं नाही. बाकं मागे सरकवून मुलांना फरशीवर बसवायचं आणि म्हणायचं, लावा. आणि त्यातले चार-पाच पत्ते मी मुद्दाम माझ्या पर्समध्ये ठेवते. मुलं लावता लावता अडतात, भांडतात, इथे काहीतरी हुकतंय म्हणतात. तेव्हा मी त्यांना मेंडेलीव्हची गोष्ट सांगते. त्यानेही असंच मांडलं होतं, आणि जिथे काही बसेना तिथे उगाच कोंबलं नाही. जागा मोकळी सोडली. वर छातीठोकपणे सांगितलं की इथे जे सापडेल ते असं असं वागेल. काही वर्षांनी सापडलं, तर तसंच निघालं. मी वर्गात म्हणते, ‘पोरांनो, नाव ठाऊक नसलं तर जागा मोकळी सोडा, पण तिथे काय असणार ते सांगता आलं पाहिजे. ते ज्याला आलं त्याला रसायनशास्त्र आलं.’ हे वाक्य मी दरवर्षी बोलते. फार आवडतं मला माझंच ते वाक्य.

यंदा त्या फरशीवर राखी भोये होती. सुरगाण्याकडची. आठवीपर्यंत आश्रमशाळेत, मग बाप पुंजा इथे पाथर्डी फाट्याला एका बिल्डिंगच्या साइटवर वॉचमन लागला म्हणून नववीत आमच्याकडे आली. वर्षभरात तिचा आवाज मी चारदा ऐकला असेल, त्यातला तीनदा ‘हजर’. त्या दिवशी ती अर्धा तास गप्प बसून बघत होती. मग पुढे सरकली, एक पत्ता उचलला, दुसऱ्याच्या खाली ठेवला आणि म्हणाली, ‘मॅडम, हा याच्याखाली. वागतो तसाच, पण लय जोरात.’ सोडियमखाली पोटॅशियम! शेजारी तिची मैत्रीण सायली होती, तिने लगेच पुढचा पत्ता लावला. मी इतकी खूश झाले की त्या दिवशी कुणावरच ओरडले नाही.

पुढच्या आठवड्यात घटक चाचणी झाली. वीस मार्कांची, पास व्हायला सात. त्यात चार मार्कांना एक प्रश्न होता, ‘पहिली वीस मूलद्रव्ये सारणीत योग्य जागी भरा’. दोन तुकड्यांचे मिळून एकशे बावीस पेपर, आणि ऑनलाइन मार्क भरायला दोन दिवस. शिवाय मतदार यादीचं काम माझ्याच गळ्यात. मी पेपर तपासले. शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, एका हाताने कुकरच्या शिट्ट्या मोजत तपासले. मार्क भरले आणि मोकळी झाले.

आणि मग आजचा बुधवार. तिसरा तास संपवून मी हजेरीपत्रक ठेवायला ऑफिसात गेले, तर खैरनार सरांच्या समोरच्या खुर्चीच्या अगदी टोकावर पुंजा भोये बसलेला. अंगात साइटवरचा निळा युनिफॉर्म, चहाचा कप हातात तसाच. दाराशी राखी उभी, दप्तर पाठीला.

‘बरं झालं आलात मॅडम,’ सर म्हणाले, ‘इथे विषय शिक्षक म्हणून सही लागते तुमची.’

मी कागद बघितला. त्यावर छापलं होतं, ‘विद्यार्थिनी विज्ञान विषयात अत्यंत कच्ची असून पालकांनी स्वेच्छेने दाखला मागितला आहे.’ खाली पुंजाची सही, एकेक अक्षर दाबून काढलेली.

माझं डोकंच सणकलं. ‘स्वेच्छेने? कुणाच्या इच्छेने? भोये, तुम्ही मागितला दाखला?’

पुंजा गडबडून उभा राहिला. ‘साहेब बोलले सही कर, केली. आमाला काय कळतं मॅडम.’

‘आणि अत्यंत कच्ची? ही? सर, ही मुलगी माझ्या वर्गातल्या दहा हुशार पोरांना गुंडाळून खिशात घालेल. कुणी ठरवलं हिला कच्ची? तुम्ही? इतिहासाचे ना हो तुम्ही? तुम्हाला सोडियम आणि सोडा यातला फरक तरी सांगता येईल का?’

शिपाई दारात येऊन उभा राहिला. क्लार्कने टाइप करणं थांबवलं. मी चांगलीच तापले होते आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं. सात वर्षं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. मुलांच्या आयुष्याचा फ्लेक्स करता, लाज वाटत नाही, पेढे कसे उतरतात घशाखाली, सगळं बोलले.

खैरनार सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग फाईलमधून एक पेपर काढून माझ्यासमोर सरकवला.

‘वीसपैकी पाच. हे मार्क मी नाही दिले मॅडम. हे लाल पेन तुमचं आहे.’

राखीचा पेपर. सारणीच्या प्रश्नात पाच चौकोन रिकामे. त्या सगळ्या चौकटीवर आडवी लाल काट, माझीच. शेजारी ‘अपूर्ण’, माझंच अक्षर. चारपैकी शून्य.

रिकामे का सोडले असतील हिने? निदान अंदाजे तरी भरायचं! मी पेपर हातात घेतला आणि तेव्हा दिसलं की चौकटीच्या खाली पेन्सिलने बारीक लिहिलंय, ‘मागे पहा’.

मागे पाहिलं. पान भरलेलं होतं.

‘सोडियमच्या खालची जागा. नाव मला आठवत नाही. पण तो मऊ धातू असणार. पाण्यात टाकला तर सोडियमपेक्षा जोरात पेटणार. संयुजा एक.’

‘क्लोरीनच्या उजवीकडची जागा. वायू असणार. कोणाशीच जोडला जाणार नाही. संयुजा शून्य.’

‘लिथियमच्या उजवीकडची जागा. धातू. मॅग्नेशियमसारखाच वागेल. पण हलका.’

असे पाच. पाचही बरोबर. एकाही क्लासच्या पोराला हे लिहिता आलं नसतं. आणि त्या पानावर माझ्या लाल पेनाचा ठिपकासुद्धा नव्हता. म्हणजे मी पान उलटलंच नव्हतं.

‘राखी,’ मी म्हटलं, ‘अगं बाई, हे काय केलंस?’

ती फरशीकडे बघत म्हणाली, ‘तुम्हीच सांगितलं होतं मॅडम. नाव ठाऊक नसलं तर जागा मोकळी सोडा, पण काय असणार ते सांगा.’

या अल्लाह. एकशे बावीस पोरांपैकी कुणी कधी माझं ऐकत नाही म्हणून मी तेवीस वर्षं बोंबलतेय, आणि जिने शब्दन् शब्द ऐकला तिला मी शून्य दिलं. परीक्षेत असं करायचं नसतं हे बाकीच्या सगळ्या पोरांना न सांगता ठाऊक होतं. हिला वाटलं, मॅडम बोलतात ते खरं असतं.

मी सरांच्या टेबलावरचं लाल पेन उचललं. काट खोडली. नावं नव्हती म्हणून एक मार्क कापला, कारण मी मार्कांची खैरात करत नाही, मरेपर्यंत करणार नाही. चारपैकी तीन. पाच आणि तीन आठ. ‘पास आहे ही. तो कागद फाडा.’

‘मॅडम, मार्क ऑनलाइन गेलेत. यादी संस्थेत गेलीय. आणि समजा, मार्चमध्ये ही गेली इंग्रजीत, तर? सात वर्षांचं नाव घालवायचं एका मुलीसाठी?’

‘घालवा.’

‘मग तुम्ही लिहून द्या. हमीपत्र. ही नापास झाली तर जबाबदार तुम्ही. मी संस्थेला तुमचा कागद दाखवीन.’

त्यांना वाटलं मी मागे हटेन. मी कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्याच लिहिलं. राखी पुंजा भोये ही विद्यार्थिनी नापास झाल्यास त्यास मी जबाबदार राहीन. तारीख घातली, सही ठोकली. दाखल्याचा कागद मीच उचलला, चार तुकडे केले, त्यांच्याच टोपलीत टाकले. पुंजाला म्हटलं, ‘तुम्ही जा कामावर. पोरगी इथेच शिकणार.’ त्याने दोन्ही हात जोडले. मला ते बघवेना, म्हणून त्याच्यावरही ओरडले, ‘हात कसले जोडता? चूक माझी आहे!’

राखी हलली नाही. दप्तराचा पट्टा धरून तशीच उभी.

‘आता काय? वर्गात जा!’

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘सायलीनं पण मागं लिहिलंय.’

‘काय?’

‘आम्ही दोघींनी ठरवलं होतं. जे आठवणार नाही त्याचं मागं लिहायचं म्हणून. तिचं पण नाव आहे ना यादीत. ती आज आलीच नाय.’

मी सरांकडे बघितलं. त्यांनी फाईलवर हात ठेवला. मी त्यांचा हात बाजूला केला आणि फाईल उपसली. यादीत पाच नावं होती. सायलीचा पेपर वरच होता. वीसपैकी चार. सारणीवर आडवी लाल काट. मी मागे उलटलं. पान गच्च भरलेलं.

‘हे बघा, दोघींनी कॉपी केलीय,’ सर म्हणाले.

‘डोळे आहेत का तुम्हाला? हिच्या मोकळ्या जागा वेगळ्या, तिच्या वेगळ्या! कॉपी केली असती तर एकीला न आलेलं नाव दुसरीचं बघून भरलं नसतं का?’ मी तिथेच तीन मार्क दिले. चार आणि तीन, बरोबर सात. ‘हीही पास. आणखी एक कागद द्या, हिचंही हमीपत्र लिहिते. बाकीच्या तिघांचे पेपरही मी आत्ता पुन्हा तपासणार.’

‘त्या तिघांच्या पालकांना शुक्रवारी बोलावलंय, तपासा हवं तर. पण सायलीचा दाखला कालच गेला मॅडम,’ ते म्हणाले. ‘आईने स्वतः सही केलीय. काही तक्रार न करता.’

काही तक्रार न करता, म्हणे. फाईल काखेत मारली, रजिस्टरमधून सायलीच्या आईच्या कामाचा पत्ता घेतला आणि निघाले. पाठीमागून ‘मॅडम, चौथा तास!’ ऐकू आलं. मी म्हटलं, ‘तुम्ही घ्या! शिकवा इतिहास!’

सायलीची आई राजीवनगरला एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या करते. हायवेखालच्या बोगद्यापाशी ट्रॅफिक नेहमीसारखी तुंबलेली. मी हॉर्न वाजवत, रिक्षावाल्याशी भांडत, वाटेत सरांना काय काय सुनवायचं राहिलं ते मनात घोकत पोचले. एक शटरचं दुकान, आत दोन मोठे तवे. सायली खाली पाटावर बसून पोळ्या लाटत होती. मला बघून लाटणं थांबलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, राग नाही, रडू नाही.

‘सायलीचा दाखला कुठाय?’ मी दारातूनच म्हटलं. ‘द्या इकडे. ती पास आहे. मी पेपर नीट तपासला नव्हता. त्या खैरनारांनी तुम्हाला फसवून सही घेतली, चला माझ्याबरोबर, आत्ताच्या आत्ता.’

तिच्या आईने तव्यावरची पोळी उलटली. माझ्याकडे बघितलं.

‘त्यांनी नाही फसवलं,’ ती म्हणाली. ‘मी भांडायच्या तयारीनंच आले होते काल. पोरगी घरी सांगत होती, विज्ञानाच्या मॅडमना माझं लय कौतुक आहे म्हणून. म्हटलं, त्या मॅडमना गाठू, त्या बोलतील आपल्या बाजूनं. जिन्यात भेटलात तुम्ही. मी म्हटलं, मी सायलीची आई, शाळेनं दाखला न्यायला बोलावलंय. तुम्ही मोबाइलात बघत होतात. म्हणालात, ऑफिस वर, उजवीकडे.’

मला आठवत होतं. चेहरा नाही, पण ते ‘वर, उजवीकडे’ मी म्हटलं होतं. मतदार यादीचा मेसेज आला होता, तो वाचत होते.

‘मग मला वाटलं, मॅडमनाच काही वाटत नाही, म्हणजे पोरगी खरंच मठ्ठ असणार. कशाला भांडू? केली सही.’

मला कुणावर तरी ओरडायचं होतं. खैरनार सर तिथे नव्हते, आणि असते तरी काय बोलणार होते मी?

‘चुकले,’ मी म्हणाले. ‘आता चला. आता भांडा. मी आहे बरोबर.’

‘भांडणार तर आहेच,’ तिने गॅस बंद केला. ‘पण आधी तुमच्याशी.’

आणि ती भांडली. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली इतकी भांडली. पोरीने कालपासून अन्नाला हात लावला नाही ते सांगितलं. पेपर तपासायचा नव्हता तर पगार कसला घेता, ते विचारलं. मोठ्या गप्पा मारून पोरांना नादी लावता आणि वेळेला तोंड फिरवता, असं म्हणाली. मी फाईल छातीशी धरून उभी होते. तिचं संपायला बराच वेळ लागला. मग तिने सायलीला हात धुवायला सांगितलं, फळीवरच्या डब्यातून घडी केलेला दाखला काढला, आणि तो मला न देता स्वतःच्या मुठीत धरून, सायलीला मध्ये घेऊन माझ्या स्कूटरवर मागे बसली.